पाच कोरी ठिगळं

गीताबाईची जीप अकराला येणार होती आणि दहा वाजून गेले तरी तिची ओटी कोणी भरायची ते ठरत नव्हतं.

गीताबाई म्हणजे रेडिओवरची. दर गुरुवारी संध्याकाळी सहाला अर्धा तास ती स्वतः रचलेल्या ओव्या गायची. तिचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा, तोंड मात्र कोणी पाहिलेलं नाही. एका मासिकात एकदाच फोटो आला होता, तो माझ्या धाकट्यानं बीडहून आणला होता.

ते सत्त्याऐंशी साल. पावसानं दुसऱ्यांदा दगा दिला होता. आमची महिला दूध संस्था चार कॅनांवरून एका कॅनावर आली होती. वार्षिक सभेला बायका याव्यात म्हणून आमच्या सचिवानं, त्रिंबकानं, गीताबाईला बोलावलं आणि फळ्यावर लिहिलं, जिनं गीताबाईसाठी आपल्या हातानं काही केलं असेल तिनं ते आणावं. खऱ्या चाहतीचं जे ठरेल ते गीताबाईला देऊ, आणि ओटीही तीच बाई भरेल.

'खऱ्या' हा शब्द मी घालायला लावला. चेअरमन मी. गल्लीत रेडिओ एकट्या माझ्या घरी. आणि माझ्या सुनेनं, सावित्रीनं, तो फोटो बघून गीताबाईचं तोंड रेशमानं कापडावर भरलं होतं. नथ, टिकली, सगळं जिथल्या तिथं. त्यामुळं ओटी माझ्या घरातूनच भरली जाणार हे मी धरूनच चालले होते.

तपासायला मी आणि संस्थेतलीच केशरबाई. पहिलं आलं भिवराबाईचं मण्यांचं तोरण. त्यावर मोर.

"ह्यात गीताबाई कुठाय?" केशरबाई म्हणाली.

"मोरच की. तिचा गळा तसा हाय."

"अगं, मोर केकाटतो," मी म्हटलं. "बाईला गाडीतनं उतरू तर दे, मग शिव्या दे." भिवराबाई तोरण गुंडाळून हसत हसत मागं जाऊन बसली.

मग छबुबाई आली. डोक्यावर वाकळ.

छबुबाईची आणि माझी भिंत एक. दिवाळी झाली की ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. त्या साली कुठं ऊसच नव्हता, टोळी गेलीच नाही, म्हणून ती वर्षभर गावात होती. तिनं वाकळ सतरंजीवर पसरली. जुन्या लुगड्यांची चौकोनी ठिगळं, आणि एकेका ठिगळावर दोऱ्यानं काही काही काढलेलं. पाळणा. विळा. बाभळीवर बसलेला होला. तोंड मात्र कुठंच नाही.

"गीताबाई कुठाय ह्यात?" मी विचारलं.

"मी कुठं पाहिलीय तिला, आक्का? ती जे गायली ते काढलंय. एका गुरुवारला एक ठिगळ."

"गुरुवारला?" केशरबाई पुढं सरकली. "तुझ्या घरी रेडिओ हाय का?"

"न्हाई."

"मग ऐकलंस कुठं?"

छबुबाईनं माझ्याकडं पाहिलं. "ऐकलं," एवढंच म्हणाली.

तिनं कुठं ऐकलं ते मला पक्कं माहीत होतं. गुरुवारी सहा वाजले की भिंतीपलीकडचा भांड्यांचा आवाज बंद पडायचा. पोरांना दटावल्याचं ऐकू यायचं. मग अर्धा तास तिकडं चिटपाखरू नाही. ती भिंतीला टेकून बसायची आणि मी इकडं बाजेवर. ह्याबद्दल आम्ही दोघी एकमेकींशी एक शब्द कधी बोललो नाही.

"हे बगा आक्का," केशरबाईनं वाकळीवर बोट ठेवलं, "हितं तर काहीच न्हाई. कोरी पांढरी ठिगळं. एक, दोन... पाच. सलग."

"हे कावून कोरं सोडलंस?" त्रिंबकानं विचारलं.

"त्या पाच गुरुवारी काही ऐकू आलं न्हाई."

"कावून?"

"कुणाची तरी बॅटरी उतरली असंल," छबुबाई म्हणाली. ह्या वेळी तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

जेठात तिच्या शेळीनं माझ्या कडब्याची पेंढी ओढून खाल्ली होती. गुरांना घालायला दुसरं काही नव्हतं तेव्हा. मी तिला वाटेल ते बोलले, तीही बोलली. त्याच गुरुवारी मी रेडिओच्या आवाजाचं बटण मागं फिरवलं, डबा उचलून मांडीवर घेतला आणि कान लावून एकटीच ऐकत बसले. पलीकडं भांडी थांबली होती. थोड्या वेळानं पुन्हा वाजायला लागली, जरा जोरातच. असे पाच गुरुवार. सहाव्याला माझीच मान आखडली म्हणून आवाज मोठा केला. दया आली वगैरे काही नाही.

आणि ह्या बाईनं त्या पाच गुरुवारांचीही ठिगळं लावली होती. जे ऐकलंच नाही ते मनानं काढलं नव्हतं.

"खोटं हाय हे," केशरबाई म्हणाली. "रेडिओ न्हाई, तोंड न्हाई, वर पाच कोरी. पोरांना पांघरायची वाकळ उचलून आणली अन् म्हणं गीताबाईची! सभेत सांगून टाका त्रिंबक, चाहती म्हणून फसवत होती म्हणून. म्हंजे पुढच्या साली कोणी करणार न्हाई."

छबुबाईचा हात वाकळीच्या कोपऱ्यावर होता. चौथा कोपरा तिनं शिवला नव्हता. आमच्याकडं वाकळ पुरी करताना शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा घालतात, वाकळीचं पोट रिकामं राहू नये म्हणून. तिच्या पदरात तो तुकडा बांधलेला होता, गाठ दिसत होती.

"गीताबाईच्या हातानं घालायचा होता," ती हळू म्हणाली. "द्यायची नसंल तर देऊ नका. पण फसवलं म्हणू नका, आक्का."

"आक्का, सही करा," त्रिंबकानं कागद पुढं केला. त्यावर सावित्रीचं नाव घातलेलं होतं.

पेन हातात घेतलं आणि मला काय सुचलं कोणास ठाऊक, मी सुनेला हाक मारली. "सावित्री, गीताबाईची तुला कोणती ओवी आवडती गं?"

ती दारात उभी होती. तोंडाला पदर लावून म्हणाली, "मी कधी ऐकलंय, आत्याबाई? गुरुवारी सहाला तर केजचा टँकर येतो. तुमी रेडिओपाशी असता, मी रांगेत."

बायका हसल्या. भिवराबाई सगळ्यांत मोठ्यानं. तिला मोराचं उट्टं काढायचं होतं.

बाहेर पोरं ओरडली, "जीप आली, जीप आली!" फाट्यावर धुरळा उठला होता. केशरबाई मला कोपरानं ढोसत होती, "करा की सही, घरचंच हाय." आणि छबुबाई वाकळीची घडी घालायला लागली होती. पांढरी ठिगळं आत गेली, मग विळा, मग पाळणा.

"थांब," मी म्हटलं. "घडी मोड."

"कावून?"

"मोड म्हटलं ना. त्रिंबका, ही भिंतीपलीकडनं ऐकती. माझाच रेडिओ. अन् ते पाच गुरुवार बॅटरी उतरली नव्हती. बटण मी फिरवलं होतं. हिला ऐकू जाऊ नये म्हणून."

आता हसली असती कोणी तर बरं झालं असतं. केशरबाईनं कोपर काढून घेतलं. मी सावित्रीच्या नावावर रेघ ओढली, छबुबाईचं घातलं आणि सही केली.

छबुबाईनं वाकळ पुन्हा पसरली.

गीताबाई आली. ठेंगणी, काळीसावळी, पायांवर धूळ. फोटोत होती तशी नव्हतीच. छबुबाईनं ओटी भरली, मग भाकरीचा तुकडा तिच्या हातात दिला. तिनं तो कोपऱ्यात सारला, आणि छबुबाईनं तिथंच बसून टाके घातले. गीताबाई एकेका ठिगळावरून हात फिरवत राहिली. "हा तर होला. हा विळा." मग पांढऱ्यावर थांबली. "आणि ही?"

मी दुसरीकडं बघायला लागले.

"ती आक्कांनी ऐकलीत," छबुबाई सुई न थांबवता म्हणाली. "एकटीनं. त्या सांगतील."

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मी पदर सारखा केला. पहिल्या गुरुवारी रहाटाला राखी बांधणाऱ्या सुनेची ओवी होती. मला अक्षर न् अक्षर येत होतं. पण गायची म्हणजे गीताबाईसमोर, ह्या घशानं.

"आवाज मोठा ठिवा आक्का," छबुबाई म्हणाली. "मागं ऐकू गेलं पाहिजे."