त्र्याऐंशी हर्ट्झला अडलेलं घर

२० हर्ट्झ

ऐकू काहीच येत नाही. स्पीकरच्या पेटीतलं मोठं युनिट मात्र दम लागल्यासारखं आत-बाहेर होतंय.

"हालतंय, पर बोलत न्हाई," गेनूआबा म्हणाले. "आपल्या सरपंचाच्या उलट."

त्यांचा मुलगा स्वरूप हसला नाही. मार्गासनीच्या घरात, पुढच्या खोलीत, त्यानं हा स्पीकर घडवला होता. अँप्लिफायर पेटीच्या पोटातच. जाड आवाजाच्या युनिटला एक, बारीक आवाजाच्या युनिटला दुसरा, आणि कुणी कुठपर्यंत बोलायचं हे ठरवणारी एक चिप. पेटी बायकोनं, शेफालीनं केलेली. लग्नाआधी ती नसरापूरजवळ फर्निचरच्या कारखान्यात होती. तिनं जोडलेल्या दोन फळ्यांत कागद शिरत नसे.

दुपारी भोरहून उपेंद्रकाका ऐकायला येणार होते. बँकेतून निवृत्त झालेले, घरभर गाण्याच्या तबकड्या. आबांचा त्यांच्या कानांवर भरवसा. आणि अट आबांचीच: काका बरं म्हणाले तर हा उद्योग चालू, नाहीतर स्वरूपनं सोमवारपासून वरव्याच्या कंपनीत कामाला जायचं.

आबा पिशवी घेऊन विंझरला गेले. स्वरूपनं लॅपटॉपवरून चाचणीचा सूर हळूहळू वर चढवला.

८३ हर्ट्झ

खर्रर्र.

"तुझी पेटी," स्वरूप म्हणाला.

"माझी पेटी न्हाई, तुमचं घर," शेफाली म्हणाली. "ती मांडणीवरची ताटं बघा."

८३ हर्ट्झ

ताटं अंगणात. खर्रर्र.

८३ हर्ट्झ

मांडणी अंगणात. भिंतीवरचे फोटो अंगणात. खर्रर्र.

८३ हर्ट्झ

कपाट, खाट, तांदळाची पिंपं, गाद्या, आबांची रेडिओची फळी. सगळं अंगणात. खर्रर्र.

"आता भिंत काढायची का?" शेफालीनं पदरानं घाम पुसला.

"बांगड्या काढ."

"काढते. मग पेटी उघडायची."

तेच त्याला नको होतं. उघडायचं म्हणजे युनिटखालची रबरी पट्टी निघणार, ती परत नीट बसली नाही तर हवा गळणार. पण खोलीत आता ते दोघं, पेटी आणि लॅपटॉप एवढंच उरलं होतं. शेफालीनं बांगड्या काढून खिडकीत ठेवल्या. खर्रर्र.

उघडली. आत त्याचीच वायर. अँप्लिफायरकडून येणारी, सैल, फळीला टेकलेली. त्या एका सुराला ती फळीवर टकटक करत होती.

शेफाली खिडकीतल्या बांगड्या घेऊन एकेक करून हातात घालत राहिली. चांगला आवाज करत.

१५० हर्ट्झ

वायर फोममध्ये गुंडाळून बांधली. पट्टी बसली. खरखर गेली.

आणि आवाजही गेला! म्हणजे होता, पण विहिरीत ओरडल्यासारखा. स्वरूपनं टाळी वाजवली, ती भिंतीवरून फिरून परत आली. सगळं जुळवलेलं भरल्या खोलीत. गाद्या, कपडे, पिंपं आवाज पीत होती, ती आता बाहेर ऊन खात पडलेली.

"सामान आत घेऊ," तो म्हणाला. "पटकन."

तेवढ्यात अंगणातून हाक आली.

४०० हर्ट्झ

ही माणसाच्या आवाजाची जागा.

"अगं बया! पोरगा येगळा निघाला!"

शेजारची ठकुबाई. नात्यानं आबांची भावजय. दिवाळी लांब, लग्न नाही, आणि भर दुपारी पिंपांसकट संसार अंगणात, म्हणजे बापलेकाची चूल वेगळी होतेय. याहून दुसरा अर्थ तिला माहीत नव्हता. तिनं ज्यांना बोलावलं त्यांनाही नव्हता. बघता बघता भावकी जमली.

आबांना बातमी विंझरहून येताना टेम्पोतच कळली. ते उतरले ते थेट स्वरूपसमोर.

"येगळं व्हायचं तर निदान मला तरी सांगायचंस."

"आबा, तसं न्हाई. खर्र वाजत होतं म्हणून..."

"माझ्या बोलन्याला खर्र म्हंतोस?"

"तुमच्या न्हाई, आबा. ताटांच्या!"

"सूनबाईचं काय म्हननं?" ठकुबाईनं विचारलं.

"पेटी माझी चांगली हाय," शेफाली म्हणाली.

"बघा! पेटीसुद्दा वाटून झाली."

याच वेळी उपेंद्रकाकांची स्कूटर आली. ताटं चुकवत ते पायरीपाशी पोचले. "मी चुकीच्या दिवशी आलो का?"

"बराबर दिवशी आलात," ठकुबाई म्हणाली. "मिटवायला शानी मानसं लागत्यातच. चला, आत बसून बोलू."

सगळे आत शिरले. बसायला काही नव्हतं, म्हणून भिंतीपासून भिंतीपर्यंत फरशीवर, खांद्याला खांदा. लुगडी, घोंगडी, टॉवेल, पोटं. स्वरूप मधोमध उभा राहून समजावत होता, कुणी ऐकत नव्हतं. शेफालीनं सरळ बटण दाबलं.

२००० हर्ट्झ

इथं मोठं युनिट थांबतं आणि बारकं बोलू लागतं. सांधा दिसला तर इथं दिसतो.

दिसला नाही. गावातल्याच भजनी मंडळाचं, स्वरूपनंच देवळात भरून घेतलेलं भजन चालू झालं. आवाज भिंतीवरून परतला नाही, माणसांत मुरला. झांजा पुढे, पखवाज मागे, आणि बुवांनी श्वास घेतला तोही ऐकू आला. भावकी भांडण विसरून ऐकायला लागली.

आबा एकदम ताठ झाले. पखवाज त्यांचाच होता.

"आता हितं काय झालं, भावजी?" ठकुबाईनं विचारलं.

"कुठं काय?"

"थाप चुकली तुमची. बुवा तवा गप बसलं, पर ही पेटी बसंना."

खोली हसली. आबांनी पेटीकडे रोखून बघितलं. "लई चुगलखोर डबा हाय ह्यो!"

"अहो, तीच तर त्याची परीक्षा," उपेंद्रकाका म्हणाले. त्यांनी पुन्हा तोच तुकडा लावायला सांगितला. डोळे मिटून ऐकला. "झांज जराशी टोचतेय. बाकी सुरेख. अशी जोडी करून देशील मला?"

स्वरूपला हो म्हणायचं होतं. पण तो म्हणाला, "काका, एक सांगतो. मघाशी ही खोली रिकामी होती तेव्हा भिकार वाजत होता. माणसं बसली म्हणून सुधारला."

"मग आधी माझी खोली मोज, तिथंच बसून जुळव. माझ्याकडे एवढी माणसं यायची नाहीत."

"गाडी धाडा की," ठकुबाई म्हणाली. "येतो आमी समदी."

स्वरूपनं आबांकडे बघितलं. आबा अजून पेटीकडेच बघत होते.

"सोमवारी कंपनीत न्हाई जायचं," ते म्हणाले. "भोरला जा. झांजेचं बघ. आनि माझी थाप कमी करता येत आसंल तर तेबी बघ."

"ते न्हाई होणार, आबा."

"मग मला तालमीला बसाय पायजे," आबा पुटपुटले आणि पिंपं आत घ्यायला उठले.