कांडीची साक्ष

होळ्याने दारू सोडली, असं लोक मला येऊन सांगायचे. मी म्हणायचे, बघू. नवरा माझा आणि खात्री लोकांना! सतरा वर्षांत त्याने किती वेळा सोडली आणि किती वेळा धरली, ते मलाच ठाऊक. देवाची शपथ झाली, आमच्या मयूरीच्या डोक्यावर हात ठेवून झाला. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, असं माझी सासू स्वतःच्या लेकाला म्हणायची. मी तर भांडायचंही सोडून दिलं होतं. भांडायलासुद्धा जोर लागतो, बाई. तो दिवसभर रोजाने गेल्यावर उरतो कुठे?

गेल्या पावसाळ्यात त्याचं पोट फुगलं, डोळे हळदीसारखे झाले. अकरा दिवस चिंचपाड्याला दवाखान्यात काढले. यापुढे प्यायला तर वाचणार नाही, असं डॉक्टरांनी त्याच्यासमोरच सांगितलं. निघताना एस्तेर नावाच्या नर्सबाईने मला बाजूला घेतलं. म्हणाली, रोज प्यायची जी वेळ असते ना, त्या वेळी जीव तळमळेल, तेव्हा हाताला काहीतरी काम द्या.

होळ्याची वेळ संध्याकाळी पाचची. आता पाचला काय काम द्यायचं? ते काम कांडीने दिलं.

कांडी आमची कुत्री. ऊसतोडीला बारडोलीकडे गेलो होतो, तिथे मुक्कामावर हे पिल्लू उसाच्या कांड्या चघळत फिरायचं. मयूरीने उचलून आणलं. होळ्याने एकदा पिऊन तिच्या बरगडीत अशी लाथ घातली की आठ दिवस ती उठली नाही. तेव्हापासून दारूचा वास आला की कांडी कणगीमागे शिरायची. कोणाच्याही अंगाचा असो. होळ्या दवाखान्यातून आला तरी ती त्याच्या वाऱ्याला उभी राहीना.

त्याच्या मनाला ते लागलं. माझं रडणं सतरा वर्षं लागलं नाही, कुत्रीचं लागलं. रोज पाचला तो अंगणात भाकरीचा तुकडा घेऊन बसायचा. पहिले कित्येक दिवस तो उठून गेल्यावरच ती खायची. मग हातातून खायला लागली. मग तो तिच्या अंगावरचे गोचीड काढायला लागला. एकेक उपटायचा, झाकणातल्या रॉकेलमध्ये टाकायचा, आणि तिच्याशी हळूहळू बोलत राहायचा. हात थरथरायचे, कपाळावर घाम यायचा, पण तो उठायचा नाही. जे मला कधी सांगितलं नाही ते तिला सांगायचा. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? एक दिवस कांडी त्याच्या पायावर हनुवटी टेकून झोपली. लाथ मारली तोच पाय. पायाला मुंग्या आल्या तरी त्याने तो हलवला नाही. बसल्या जागी रडत होता.

आणि मी काय केलं? मी माझी सोय बघितली. पूर्वी तो आला की मी तोंडाचा वास घ्यायचे. आता कांडीकडे बघायला लागले. ती शेपूट हलवत गेली की चुलीवर त्याच्यासकट तिघांचा भात टाकायचे. दुधाने तोंड पोळलेली बाई मी, ताक फुंकणारच. असे पाच महिने गेले. त्याला कळत होतं.

मग त्याचा काका वारला, वीरसिंग. त्याला मुलगा नाही, म्हणून दिवसकार्याला पुतण्याचा मान होळ्याचा. आमच्यात पळसाच्या द्रोणातून मोहाच्या दारूची धार मेलेल्याच्या नावाने जमिनीवर सोडतात, आणि उरलेला घोट धार सोडणाऱ्याने घ्यायचा. नाही घेतला तर मेलेला तहानेला राहतो म्हणतात. होळ्याने आदल्या दिवशी मला विचारलं, जाऊ का? मी तूर झोडपत होते. म्हटलं, जा, संध्याकाळी कांडी सांगेलच.

संध्याकाळी तो आला. कांडी धावत गेली, मध्येच थांबली, नाक वर केलं आणि कणगीमागे शिरली.

पाच महिने आत दाबून ठेवलेलं सगळं तोंडावाटे बाहेर आलं. मर तिकडे जाऊन, म्हटलं. पोरीसमोर मरू नकोस. तो काही सांगायला लागला तर म्हटलं, तोंड उघडू नकोस, वास येतो. तो वळून चालायला लागला. थोड्या वेळाने कांडी बाहेर आली आणि लांबून त्याच्या मागे गेली.

आता हा गुत्त्यावर जाणार, तिथेच धरते, म्हणून मी तशीच निघाले. वाटेत लखन भेटला, होळ्याचा मावसभाऊ. होळ्याचा विसरलेला टॉवेल द्यायला घरीच येत होता. त्याने सांगितलं, होळ्याने द्रोण सगळा जमिनीवर ओतला, थेंब घेतला नाही. माणसं चिडली. एकाने अख्खी बाटली त्याच्या डोक्यावर रिकामी केली, म्हणाला, तोंडाने नाही तर अंगाने पी. होळ्या इतकंच म्हणाला, आता माझी कांडी जवळ येणार नाही. सगळे हसले.

टॉवेल लखनच्या हातातच राहिला. माझ्या बोलण्याने होळ्या आता खरंच पिईल, या भीतीने मी पळत गुत्त्यावर गेले. तिथे तो नव्हता.

तो नाल्यात सापडला. पौषातल्या थंडीत कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून वाळूने अंग घासत होता, छाती लाल होईपर्यंत. कांडी काठावरच्या दगडावर बसून बघत होती. मला लखन भेटला, मी म्हटलं.

"ती मुकं जनावर आहे, दिवली," तो म्हणाला. "तिला वासच कळतो. तुला विचारता येतं."

तो बाहेर आला. कांडी उठली, त्याचा हात हुंगला, गुडघा हुंगला आणि त्याला चिकटून उभी राहिली. मी होते तिथेच उभी राहिले. त्याचे दात वाजत होते.

"कोरडं काही आणलंस?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "मी तुला गुत्त्यावर धरायला निघाले होते."

त्याने धुतलेला ओला सदरा पिळला आणि तसाच अंगात घातला.