माझ्यात न परतलेले प्रवाळ

मित्रांनो, मी एक जुनी काचेची टाकी आहे. डहाणूच्या एका चिकूवाडीत, घराच्या पडवीत, सध्या मी कोरडी पडून आहे. एकेकाळी माझ्यात खारे पाणी खेळत होते आणि घरी आलेली माणसे चहा निवेपर्यंत माझ्याकडेच बघत राहत.

डहाणूतल्याच एका कारागिराने माझ्या काचा जोडल्या. दक्षाताईंनी मला घरी आणले. त्या शाळेत शिकवतात; त्यांचे पती विनोदराव वाडी बघतात. माझ्यात दगड आले, केशरी मासे आले, शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी आल्या. शेवटी तळासरीची रुचिका, दक्षाताईंची मैत्रीण, आपल्या टाकीत वाढवलेल्या मऊ प्रवाळाचा एक तुकडा घेऊन आली.

ते अळंबीसारखे दिसे. जाड देठ, वर टोपी आणि टोपीवर पाण्याबरोबर डुलणारे इवले इवले हात. पाहुणे विचारत, "हे झाड आहे का?" दक्षाताई हसून म्हणत, "झाड नाही हो, जीव आहे." मला फार अभिमान वाटे.

गेल्या उन्हाळ्यात दक्षाताई आजारी आईकडे कासा गावी गेल्या होत्या. त्यांच्या मागे माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठले. बायकोचे मासे आपल्या हातून जायला नकोत, म्हणून विनोदरावांनी दुकानातून औषध आणून माझ्यात ओतले. मासे बरे झाले. दक्षाताईंना उगाच काळजी नको म्हणून विनोदराव फोनवर काही बोलले नाहीत.

प्रवाळाने मात्र हात आत ओढून घेतले. टोपी सुरकुतली. देठ खालून काळा पडू लागला.

दक्षाताई परतल्या आणि माझ्यासमोर बसूनच राहिल्या. आधी त्यांनी दिवा खाली-वर केला. मग पाण्यातले मीठ तपासले. ते बरोबर होते. ही जात अधूनमधून वरची साल टाकते, तसेच असेल म्हणून त्यांनी वाट पाहिली. तो काळ वाया गेला. मला सगळे ठाऊक होते, पण काचेला कुठली वाचा?

शेवटी त्यांनी रुचिकाला बोलावले. तिने प्रवाळाऐवजी माझा तळ निरखला.

"दक्षा, गोगलगायी उलट्या पडल्यात गं. मासे ठणठणीत आणि गोगलगायी मेलेल्या? पाण्यात तांबं गेलंय. माशांना ते थोडंफार सोसतं, गोगलगायींना आणि प्रवाळाला नाही."

"तांबं कुठून जाणार?"

दारात उभे असलेले विनोदराव हळूच म्हणाले, "मी माशांचं औषध टाकलं होतं. निळं होतं, आपल्या मोरचुदासारखं..."

ते मध्येच थांबले. चिकूवरच्या बुरशीला मारायला ते स्वतः मोरचूद फवारत. त्यात तांबे असते, हे त्यांना कुणी सांगायला नको होते.

"मला सांगायचं तरी," दक्षाताई एवढेच म्हणाल्या.

रुचिकाने धारदार पात्याने काळा देठ कापून टाकला. उरलेली टोपी सोबत आणलेल्या स्वच्छ खाऱ्या पाण्याच्या बादलीत सोडली. दक्षाताई ती बादली मांडीवर घेऊन गाडीत बसल्या आणि विनोदराव खड्डे चुकवत तळासरीला निघाले. माझ्यातून प्रवाळ गेले ते तेव्हाच. मागोमाग मासेही तिकडेच गेले.

कित्येक आठवडे टोपी मिटलेलीच होती. मग एका सकाळी रुचिकाचा फोन आला. "उमललं गं!" दक्षाताईंना रडू आवरेना.

विनोदरावांनी तोवर मला घासून लख्ख केले होते. "आता आणूया ना परत?" त्यांनी विचारले.

दक्षाताईंनी माझ्या काचेवरून हात फिरवला. "नको हो. हिच्या सांध्यांत, दगडांत तांबं मुरलंय. पाणी भरलं की पुन्हा सुटेल. तिथेच राहू दे त्याला."

मित्रांनो, विनोदरावांवर माझा राग नाही. त्यांनी मायेनेच ओतले. पण पाण्यात काही टाकण्याआधी त्यात कोण कोण राहते ते बघा, आणि ज्याला ठाऊक आहे त्याला विचारा. प्रवाळ जगले, याचा मला आनंद आहे. गोगलगायी जगल्या नाहीत. आणि त्या उमललेल्या टोपीभोवतीचे पाणी आता माझे नाही.