ऑरिनने होम रन मारल्यावर

"हो की नाही, व्हर्लिन? एवढंच सांगा."

फोनवर प्रेस्टन होता. बेसबॉल क्लबच्या मुख्य कचेरीत बसून खालच्या संघांमधल्या पोरांचा हिशेब ठेवणं हे त्याचं काम. माणूस सभ्य होता. वाईट बातमी द्यायची असली की आधी तब्येतीची चौकशी करायचा आणि आज त्याने व्हर्लिनच्या गुडघ्याची चौकशी दोनदा केली होती.

व्हर्लिन स्ट्राउडने उकडलेल्या शेंगेचं टरफल थुंकलं. एल्डरबी गावच्या मैदानावर रविवारची मॅच सुरू व्हायला तासभर अवकाश होता आणि ऊन आत्ताच डोक्यात जायला लागलं होतं.

"कशाचं हो की नाही?"

"ऑरिन लिंडक्विस्ट. पुढेमागे मेजर लीगमध्ये त्याची बॅट चालेल का? उद्या तुमच्याकडच्या एकाला नारळ द्यायचाय. आमचे आकडे त्याच्या बाजूने नाहीत, पण तुम्ही रोज बघता त्याला."

"संध्याकाळी सांगतो," व्हर्लिन म्हणाला आणि फोन खिशात टाकून दुसरी शेंग सोलायला लागला. पण तिची चव काही लागली नाही.

व्हर्लिन या संघाचा फलंदाजीचा कोच. शिडीची सगळ्यात खालची पायरी म्हणावी असा हा संघ, आणि त्याचं नाव रताळी. जिल्ह्यातली तंबाखू जाऊन रताळी आली तेव्हा गावाने अभिमानाने हे नाव ठेवलं, आणि तेव्हापासून देशभरातून आलेली धिप्पाड पोरं छातीवर नारिंगी रताळं मिरवत मेजर लीगची, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीची, स्वप्नं बघतात. व्हर्लिन स्वतः ऐन तारुण्यात एका सप्टेंबरात काही दिवस वर, मेजर लीगमध्ये, खेळून आला होता. तिथे त्याची बॅट एकदाही चेंडूला धड लागली नाही. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगून टाकायचा, म्हणजे दुसऱ्यांना सांगायची मजा उरत नसे.

कुठला पोरगा पुढे जाईल हे ओळखण्याबद्दल तर त्याची वेगळीच ख्याती होती. खूप वर्षांपूर्वी हॅनरहन नावाच्या पोराला त्याने खांद्यावर हात ठेवून मायेने सांगितलं होतं, "लेका, तू विम्याच्या धंद्यात शीर." हॅनरहन दुसऱ्या क्लबात शिरला आणि पुढची बारा वर्षं मेजर लीगमधल्या चेंडू टाकणाऱ्या पिचरांना रडवत राहिला. अजून दर नाताळला त्याचं कार्ड येतं. त्यात एकच ओळ असते: 'कोच, विमा कधी काढताय?'

तेव्हापासून व्हर्लिनने कुणालाच नाही म्हटलं नव्हतं. कचेरीने विचारलं की हा हो म्हणे. त्याने हो म्हटलेल्यांपैकी एक जण आता सिमेंटचा ट्रक चालवतो, एक पाद्री झालाय आणि एकाने व्हर्लिनच्याच घराचं छप्पर घातलं, तेही गळतं.

ऑरिन मोंटानातल्या गुरांच्या कुरणावरून आलेला. वीस वर्षांचा, बैलासारख्या मानेचा आणि शाळेतल्या मुलीसारखा लाजाळू. सरावात त्याचे चेंडू कुंपणापलीकडे जाऊन चर्चच्या गाडीच्या काचा फोडायचे. पाद्रीबुवांनी शेवटी गाडी दुसरीकडे लावायला घेतली. पण मॅच सुरू झाली की पिचरने चेंडू बाहेर टाकायचा आणि ऑरिनने हवेत बॅट फिरवायची, असं जणू त्यांचं ठरलेलंच होतं. पूर्ण मोसमात एकही होम रन नाही, म्हणजे कुंपणापार गेलेला एकही फटका नाही. आता तर आठवडाभर त्याच्याशी कुणी नीट बोलतही नव्हतं. नारळ मिळणं हे खरजेसारखं आहे, शेजारी बसलं की लागतं, अशी या लोकांची पक्की समजूत. जेवताना पोरं आपापली ताटं घेऊन हळूच पलीकडच्या टेबलावर सरकायची. ऑरिन एकटाच जेवून उठायचा. त्याला सगळं कळत होतं.

आणि मग त्याच दुपारी, सहाव्या डावात, ऑरिनची बॅट चेंडूला लागली. आवाजावरूनच कळलं. चेंडू खताच्या कंपनीच्या जाहिरातीवरून गेला आणि पलीकडच्या झाडीत गुडूप झाला. बघणारे उभे राहिले. दोन मीटर उंचीचा रताळोबा, म्हणजे लोकांना हसवायला ठेवलेला रताळ्याच्या सोंगातला माणूस, गवतावर गडबडा लोळला.

इकडे डगआउटमध्ये, खेळाडूंच्या बाकांपाशी, व्हर्लिनने दोन्ही हात वर केले. "कुणी काही बोलायचं नाही. हूं नाही की चूं नाही."

ही बेसबॉलवाल्यांची जुनी रीत. पोराने पहिला होम रन मारला की सगळ्यांनी त्याला ओळखच दाखवायची नाही. तो फुलून येतो, आणि इकडे सगळे सुतकात. अर्ध्या मिनिटाने एकदम कल्ला करून त्याच्या अंगावर पडायचं. व्हर्लिनचा या रीतीवर भारी जीव. त्याच्या उमेदीत असंच एकदा त्याला गप्प बसून छळलं होतं, आणि ते अर्धं मिनिट त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात गोड होतं.

ऑरिन पायऱ्या उतरून आत आला. टाळी द्यायला त्याने हात वर केला. एक जण बुटाची नाडी बांधत होता, एक जण नखं बघत होता. मॅनेजर बेनितेझ खेळाडूंच्या नावांचा कागद उलटा धरून वाचत होता. ऑरिनचा हात हळूहळू खाली आला. तो टोकाच्या बाकावर जाऊन बसला. एका पोराला राहवेना, तो उठायला लागला, तसा व्हर्लिनने त्याला डोळ्यांनीच दटावून खाली बसवलं. अजून थोडं मुरू दे, असा त्याचा विचार.

तेवढ्यात पुढचा फलंदाज पहिल्याच चेंडूवर बाद झाला आणि डाव संपला. पोरं हातमोजे घेऊन मैदानात पळाली. ऑरिन फक्त फलंदाजीपुरता संघात, तो मागेच राहिला. व्हर्लिन पाणी प्यायला वळला. परत बघतो तर बाकावर नुसतं हेल्मेट.

तो कपडे बदलायच्या खोलीत गेला. ऑरिनचं कपाट रिकामं होतं. वरची नावाची चिकटपट्टी त्याने स्वतःच सोलून, घडी करून आत ठेवली होती. तो धडपडत बाहेर आला, तर दारात रताळोबा पाणी पीत उभा.

"लेलंड, ऑरिनला पाहिलंस?"

लेलंड पर्विस एरवी चर्चमध्ये गाणी शिकवायचा. "पाहिला की. पिशवी खांद्याला लावून बसस्टँडकडे गेला. मी टाटा केला. त्यानेपण केला. चांगलं वळण आहे हो पोराला."

"अरे, मग अडवलं का नाहीस?"

"मी रताळं आहे, व्हर्लिन. मला बोलायची परवानगी नाही."

बेनितेझला सांगितलं तेव्हा त्याने आकाशाकडे बघून स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हटलं, ते देवाला उद्देशून नव्हतं. "त्याची पाळी आठव्या डावात येणार. तोवर आणा त्याला. उशीर झाला तर मी पंचाशी भांडण काढतो. पण लवकर या, माझ्याकडे मुद्दे फार नाहीत."

व्हर्लिनच्या गुडघ्याने पळणं अशक्य. तेव्हा रताळोबाला मिरवायची छोटी उघडी बॅटरीगाडी काढली. लेलंडच्या पाठीवरची चेन अडकलेली, त्यामुळे तो सोंगातच चालवायला बसला. हमरस्त्यावर मागे गाड्यांची रांग लागली. पुढे जाणारा प्रत्येक जण भोंगा वाजवून हात करायचा आणि लेलंडही इमानदारीने सगळ्यांना हात करायचा.

"दोन्ही हात चाकावर ठेव रे बाबा."

"लोकांचा हिरमोड होतो."

पेट्रोलपंपाच्या पुढे ऑरिन दिसला. पूर्ण गणवेशात, छातीवर रताळं, खांद्यावर पिशवी, आणि खिळ्यांचे बूट डांबरावर खाड खाड वाजतायत.

"ऑरिन! थांब. थांब लेका."

तो थांबला. रडलेला होता, ते त्याने लपवलं नाही. "कपडे धुऊन पाठवणार होतो मी, कोच. चोरून नेत नव्हतो."

"कपडे गेले खड्ड्यात. निघालास कुठे?"

"घरी. कळलं मला. होम रन मारला तरी कुणी बघेना. म्हटलं, आता काही उरलं नाही. उद्या तुम्हाला दार लावून सांगायला लागण्यापेक्षा आपणच जावं."

"अरे गाढवा, ती रीत आहे. पहिल्या होम रनला बोलत नाहीत."

"ते माहितेय मला. टीव्हीवर बघितलंय. पण आठवडाभर कोण बोलत होतं, कोच? मला कसं कळावं, हे गप्प बसणं कुठलं आणि ते कुठलं?"

पोरगा खरं बोलत होता आणि चूक सगळी आपली होती. अर्धं मिनिट पुरलं असतं, याने हावरटपणाने ते ताणलं. तो गाडीतून उतरून रस्त्याच्या कडेला उभा राहिला.

ऑरिनने नाक पुसलं. "मला एक सांगा. खरं सांगा. मी होईन का कधी वरचा फलंदाज?"

व्हर्लिनच्या जिभेवर नेहमीचं हो आलंच होतं. पण समोरचा चेहरा इतका उघडा होता की ते तिथेच अडलं.

"माहीत नाही," तो म्हणाला. "देवाशप्पथ माहीत नाही. तीस वर्षं हेच करतोय, पण एकदाही धड ओळखता आलेलं नाही मला."

"कचेरीतल्यांना?"

"त्यांनाही नाही. ते दशांशात चुकतात, मी अंदाजपंचे चुकतो."

"म्हणजे कुणालाच माहीत नाही?"

"कुणालाच नाही."

ऑरिन बघत राहिला आणि मग हसायलाच लागला. पिशवी खाली ठेवून, गुडघ्यावर हात टेकून हसला. "मला वाटलं सगळ्यांना माहितेय, फक्त मला सांगत नाहीयेत."

"मी पण हसू का?" लेलंडने आतून विचारलं. "मघापासून दाबून ठेवलंय."

ते परत पोचले तेव्हा आठवा डाव सुरू होता आणि बेनितेझ पंचासमोर उभा होता. आधी त्याने पिचरच्या टोपीवर आक्षेप घेतला, मग चेंडूच्या शिवणीवर आणि शेवटी पंचाच्या चष्म्यावर. चष्म्यावर पंचाने त्याला मैदानाबाहेर काढलं. गाडी आत येताना बघून बेनितेझ इतका खूष झाला की जाता जाता त्याने पंचाशी हात मिळवला.

ऑरिन बॅट घेऊन उभा राहिला. पिचरने चेंडू बाहेर टाकले, ऑरिनने हवेत बॅट फिरवली, आणि एकूण तीन वेळा हेच होऊन तो बाद झाला. मान खाली घालून तो डगआउटमध्ये आला मात्र, व्हर्लिन ओरडला, "आता!" आणि सगळा संघ त्याच्या अंगावर पडला. कुणी पाठीत धपके घातले, कुणी पाणी ओतलं, कुणी सूर्यफुलाच्या बिया मानेतून आत सोडल्या. हवेत बॅट फिरवून बाद झालेल्या माणसाचं एवढं कौतुक कशाबद्दल, हे प्रेक्षकांना कळेना. काहींनी तरीही टाळ्या वाजवल्या. ऑरिन खाली चेंगरला होता आणि खदाखदा हसत होता. इतका सुखी चेहरा व्हर्लिनने फार दिवसांत पाहिला नव्हता.

संध्याकाळी त्याने आपणहून फोन लावला. मन स्वच्छ झालं होतं. खरं बोलल्याने त्या पोराचं केवढं ओझं उतरलं, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

"प्रेस्टन, आज खरं सांगतो. मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, आणि म्हणूनच त्याला ठेवा. अजून एक मोसम द्या."

"व्हर्लिन," प्रेस्टन हळू आवाजात म्हणाला, "मी इथे आल्यापासून तुम्ही प्रत्येक पोराला हो म्हणालायत. ज्याला बॅट धरता येत नव्हती त्यालासुद्धा. तुम्ही हो म्हणाला नाहीत असा हा पहिलाच. कळलं मला. तुम्हाला किती जड गेलं असेल तेही कळतंय."

"अहो, तसं नाही. माझं ऐका—"

"काळजी घ्या गुडघ्याची," प्रेस्टन म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. व्हर्लिनने नंतर तीनदा फोन लावला, मग त्याच्या वरच्या साहेबांना लावला आणि हो, हो, हजारदा हो असं ओरडून सांगितलं. पण त्या 'हो'ला काय किंमत, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

सोमवारी सकाळी बेनितेझने खोलीचं दार लावलं आणि ऑरिनला सांगितलं. तो बाहेर आला तेव्हा व्हर्लिन सरावाच्या जाळीत एकटाच बसला होता, पायाशी चेंडूंची बादली घेऊन. त्याने काही लपवलं नाही. "मी नुसतं हो म्हटलं असतं ना, तर कदाचित राहिला असतास. मी माहीत नाही म्हणालो."

ऑरिनने थोडा विचार केला. "पण माहीत नव्हतंच ना तुम्हाला?"

"नव्हतं. आत्ताही नाही."

"मग बरोबर आहे की." त्याने पिशवी भिंतीला टेकवली आणि घड्याळ पाहिलं. "माझी बस दुपारची आहे, कोच."

व्हर्लिनने मान डोलावली आणि गुडघा धरून उठला. ऑरिन बॅट काढून जागेवर उभा राहिला. पहिला चेंडू त्याने असा हाणला की मागची जाळी कितीतरी वेळ हलत राहिली. व्हर्लिनने डोळे बारीक करून पाहिलं.

"पुढचा पाय लवकर टाकतोयस," तो म्हणाला. "ते सुधार."

"बरं," ऑरिन म्हणाला, आणि पाय नीट मागे घेऊन त्याने बॅट वर धरली.