होळीनंतर पाहुणे नाहीत

"नवरा मारतो का?"

"नाही बाबा."

"पोटाला देत नाहीत?"

"देतात."

"मग आलीस कशाला?"

सात वर्षं झाली या आवाजाला. चिखलदऱ्याला, आपल्या लॉजच्या पडवीत, भर वैशाखात संध्याकाळची शाल पांघरून बसलेल्या बाबांचा हा आवाज. लग्नानंतरचा पहिलाच उन्हाळा होता, आणि चारुलता बऱ्हाणपूरहून दोन बस बदलून एकटीच निघून आली होती. तिने खरं ते सांगितलं. म्हणाली, तिथलं ऊन सोसत नाही. बाबा आधी मोकळं हसले. मग लेक काही भलतंच लपवते आहे अशा नजरेने पाहत राहिले. "उन्हापायी कुणी घर सोडतं का, बेटा?" म्हणाले, आणि सकाळी तिला परतीच्या बसमध्ये बसवून आले.

त्यानंतर तिने ते कारण पुन्हा तोंडातून काढलं नाही. डोकं दुखतं म्हणाली. सासूबाई टोचून बोलतात म्हणाली. बाबांना माणूस लागतं म्हणाली. ही कारणं लोकांना पटत. नवऱ्याला, योगेंद्रलाही पटली होती. तो अजून समजत होता की आईच्या जिभेला कंटाळून ही माहेरी जाऊ म्हणते.

लहानपणी तिने आजीच्या जात्यावरच्या ओव्या ऐकल्या होत्या. त्यांत सासूचं गाऱ्हाणं होतं, नणंदेचं होतं, दूर दिलेल्या लेकीचं होतं. उन्हाने सुकलेल्या बाईसाठी मात्र एक ओळ नव्हती. मग शेतात डबा घेऊन गेली की केळीच्या ओळींत, ओल्या मातीत पाय रोवून, ती आपली आपणच जोडायची:

सासू नाही बोलली गं, नणंद नाही बोलली
वैशाखाच्या उन्हानं बाई माझी जीभ सोलली.

पहिली ओळ खोटी होती. सासू, आशाबाई, भरपूर बोलायची.

या घरात एक रीत होती. मुलीकडचे पाहुणे दिवाळीनंतर बोलवायचे आणि होळीच्या आत लग्न उरकायचं. होळीनंतर पाहुणे नाहीत. गल्लीत बहुतेक घरांत तेच चाले. चारुलतालाही हे घर मार्गशीर्षात दाखवलं होतं. तापीवर धुकं होतं, अंगणात शेकोटी होती, आणि तिच्या आईने कौतुकाने म्हटलं होतं, आपल्यासारखीच हवा आहे की.

यंदा पौषात धाकट्या दिराला, भूपेंद्रला, स्थळ आलं. मुलगी नाशिकची, तृप्ती. चारुलताचा जीव या स्थळात अडकला होता, कारण आशाबाईने दसऱ्यालाच तिला सांगून ठेवलं होतं: "धाकटी येऊ दे. घर तिच्या हाती दिलं का मग तू अन् योगेंद्र जा तिकडं, चालवा तुह्या बापाचं लॉज. तवलोक जायचं नाव काढू नको."

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी आशाबाईने कूलर माळ्यावर चढवला. पश्चिमेच्या खिडकीला बारमाही ठोकलेलं तट्ट्याचं झाकण काढलं. तडकलेल्या भिंतीवर चुना फिरवला. मग चारुलताकडे वळली.

"अन् तू. तोंड शिवून बस. चिखलदऱ्याच्या महाराणीचे नखरे उद्या नको."

"मी काय बोलते?"

"तू बोलत नाहीस, उसासे टाकतेस. ते बी नको."

योगेंद्रने जिन्यात गाठून हळूच सांगितलं, "उद्याचा दिवस काढ, चारू. लॉजची किल्ली हातात आली समज."

दुसऱ्या दिवशी ऊन मायेचं पडलं होतं. तृप्ती आणि तिची आई सुलभाताई गच्चीवर खुर्च्या टाकून बसल्या, इथली खास मिठाई म्हणून दराबा खाल्ला, दूरच्या केळीकडे पाहून खूश झाल्या. आशाबाईची जीभ साखरेत घोळली होती. मोठ्या बायका खाली गेल्यावर तृप्तीने खुर्ची चारुलताजवळ ओढली.

"वहिनी, माणसांचं नाही विचारत. माणसं कळतात हळूहळू. हवेचं सांगा."

"हवेचं?"

"माझं काम घरूनच आहे, कुठूनही होतं. हैदराबाद मी उकाड्यापायी सोडलं. आई म्हणते, पोरीच्या जातीला असले नखरे परवडत नाहीत. पण मला घामात रडूच येतं हो. इथे उन्हाळा कसा असतो?"

चारुलताला आधी राग आला. ही पोरगी किती सहज बोलली. जे बोलायला आपण सात वर्षं लाजलो, ते हिने दराबा खाता खाता बोलून टाकलं. आपण घामाने चिंब होऊन सासूच्या नावाने खोटं रडलो, आणि हिला लाजही वाटत नाही. भोग की मग तूही, असं तिच्या मनात आलं. मागोमाग लॉजची पडवी आली, दरीतून वर चढणारे ढग आले.

"बाग आहे ना आपली," ती म्हणाली. "केळीत फार गारवा असतो. मी उन्हाळाभर जाते."

तृप्तीचा चेहरा उजळला. चारुलता तिच्याकडे न बघता बशा गोळा करायला लागली.

खाली बैठकीत तृप्तीनेच विषय काढला. "उन्हाळ्यात आम्ही बागेत राहू. वहिनी सांगत होत्या, तिकडे गार असतं."

आशाबाई क्षणभर गोंधळली, मग तिने धागा उचलला. "हो हो. बाग म्हंजे अगदी काश्मीर समज."

भूपेंद्र खाली बघून हसला. सुलभाताईंनी माघातला मुहूर्त बघायची गोष्ट काढली. आशाबाई चहाच्या निमित्ताने उठली आणि चारुलताला नजरेनेच स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"बाग म्हणे," आशाबाई पदराआड हसली. "भलतंच सुचलं तुले. सात वर्षांत पयल्यांदा कामाची निघालीस."

"तिला खरंच सोसत नाही, आई. हैदराबाद सोडून आली ती."

"कोणाले सोसते? मले सोसते का? ती बी दोन उन्हाळे कुरकुर करीन, मंग बसंन गुमान. जनावर बी बसते."

"मी बसले का?"

"मंग गेलीस कुठं?" आशाबाईने चहा गाळला. गाळणी आपटून चोथा झाडला. "तू बी तशीच बसली. आता हे कप घे, अन् तोंड गोड कर जरा. तुह्या जाण्याचंच चाललं आहे बाहेर."

चारुलताने ट्रे उचलला. कपांतून वाफ येत होती आणि ती तिला आवडत होती, कारण थंडी होती. चैत्रात याच ओट्यासमोर ती भिंतीला हात टेकवत नसे. नळाला सकाळपासून कढत पाणी येई. गादीवर पाणी शिंपडून झोपलं तरी भिंत रात्रभर आग ओकत राही. आणि माणसं तेव्हा नजरेसमोर नको होत, आपलीसुद्धा. या पोरीलाही तसंच होईल. मग तीही एखादं पटणारं कारण शोधेल. बहुधा जावेचं नाव घेईल.

ती बैठकीत आली. कप वाटले. तृप्तीचा कप मात्र हातातच धरून उभी राहिली.

"बागेचं मी खोटं सांगितलं," ती म्हणाली.

सुलभाताईंची बशी थांबली. "म्हणजे?"

"गारवा आहे, पण तो केळीला आहे. घरच्या बाईला डबा देण्यापुरतं जायला मिळतं. बाकी दुपार, रात्र याच घरात."

"चारू," योगेंद्र दबक्या आवाजात म्हणाला.

"हिचं डोकं फिरलं," आशाबाई दारातून म्हणाली. "मत्सर आहे तो. धाकटी शिकलेली येते म्हणून पोटात दुखते."

सुलभाताईंनी आवाज खाली आणला. "सासूचा त्रास आहे का गं तुला? स्पष्ट सांग."

"सांग ना," आशाबाई म्हणाली. "सांग, मी छळते म्हणून. तेच सांगत फिरतेस ना माहेरी? पण याद राख, आज हे मोडलं तं लॉज इसर. याच घरात हाडं जातीन तुही."

चारुलताने कप तृप्तीच्या हातात दिला.

"सासूबाई बोलतात, मी उलटून बोलते. ते निभतं. आणि तुम्हीपण ऐका," ती योगेंद्रकडे वळली, "तुम्हालाही मी आईचंच नाव सांगत आले. ते खोटं होतं. तुमचा त्रास नाही, यांचा नाही, बाबांना माणूस लागतं म्हणूनही नाही. मला इथलं ऊन सोसत नाही. चैत्र लागला की मला जगणं नको होतं. दरवर्षी. दुसरं काहीसुद्धा कारण नाही."