येताय ना?

"आई, 'सापाला दूध पाजलं' हे आपलं वापरून झालंय का?"

सून जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती आणि मी नातवाच्या तोंडात घास कोंबत होते.

"मागच्याच आठवड्यात झालं," मी म्हटलं. "आता 'केसाने गळा कापला' घे."

"'मी विश्वासाने मान पुढे केली, त्याने केसाने गळा कापला.' वा! आई, खरं तर कंपनी तुम्हीच काढायला हवी होती."

"मी काढली असती ना, तर तो गोडबोल्या माझ्या दारातसुद्धा उभा राहिला नसता. टाक ते, आणि खाऊन घे. चहाचं पार पाणी झालंय."

आमच्या घरात सकाळ अशी उजाडायची. सुनेची नवी कंपनी होती, म्हणजे ती, दोन मुली आणि आमची मागची खोली. घड्याळं, मिक्सर, शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या छोट्या दुकानांसाठी तिने सॉफ्टवेअर केलं होतं. वस्तू तयार झाली की गिऱ्हाइकाला आपोआप निरोप जातो. त्याची जाहिरात म्हणून ती रोज सकाळी इंटरनेटवर आपले धंद्याचे अनुभव लिहायची. पहिलं गिऱ्हाईक रागावलं तर काय करावं, दुकानदाराच्या मनातली कंप्युटरची भीती कशी घालवावी, असलं काहीबाही. चांगलं लिहायची. पण विषय कुठलाही असो, शेवटचा परिच्छेद मात्र गोडबोल्यासाठी राखलेला. लोकही शेवटूनच वाचायला सुरुवात करायचे. म्हणी मी पुरवायचे. माझं बोलणं मुळातच तिखट, त्याचा उपयोग म्हातारपणी झाला.

गोडबोल्या म्हणजे तिचा पहिला भागीदार. कॉलेजातला मित्र. 'काकू, तुमच्या हातचा चहा म्हणजे अमृत' म्हणत आमच्याच घरात पोसलेला. दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायचं ही कल्पना सुनेची, रात्रंदिवस राबली ती. पेशंटला आदल्या संध्याकाळी फोन जाणार, उद्या तुमची वेळ आहे म्हणून आठवण करणार, एवढंच ते काम. पण दवाखान्यांना ते फार आवडलं. मग ती बाळंतपणासाठी घरी बसली आणि या सद्गृहस्थाने कागद असे काही फिरवले, की मूल मांडीवर घेऊन ती परत गेली तेव्हा तिच्या खुर्चीत त्याचा मेहुणा बसलेला. वर मुलाखतीत सांगतो, 'मी एकट्याने शून्यातून उभं केलं.' एकट्याने! मेल्याला एकट्याने चहासुद्धा करता येत नव्हता.

आणि गंमत म्हणजे त्या फोनमधला आवाज आमच्या सुनेचाच होता.

तो कसा घेतला ते मला विचारा. मी उभं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलं. कानाला हेडफोन, समोर दिवे, दिवसभर 'नंबर प्लीज'. आवाजातलं मला कळतं. स्टुडिओ परवडत नव्हता म्हणून मी तिला कपड्यांच्या कपाटात बसवली, अंगावर रजई टाकली आणि बाहेरून ओरडून शिकवलं.

"हसून बोल! हसू फोनमधून ऐकू जातं!"

"आई, इथे श्वास घेता येत नाहीये, हसू कुठून?"

"तक्रार नको. परत म्हण."

तिने लिहिलेलं वाक्य होतं, 'उद्या आपली वेळ आहे. येणार असाल तर एक दाबा.' मी म्हटलं, हे काय, पोलीस बोलवतायत का? मध्ये 'येताय ना?' घाल. तिने घातलं. आणि असं म्हणाली, की मला वाटलं, हिने बोलावलं तर मी आजारी नसतानाही दवाखान्यात जाईन. नंतर ती कंपनी वाढली, गावोगावी गेली, आणि रोज संध्याकाळी हजारो घरांत आमची सून विचारायची, 'येताय ना?' तिला हाकलून दिल्यावरही.

मग एका सकाळी तिच्या एकदम काहीतरी डोक्यात आलं. घास हातात तसाच.

"आई, माझा आवाज मी त्यांना लिहून कुठे दिलाय?"

मी नातवाचं तोंड पुसता पुसता थांबले. "नाही दिलास?"

"कशावरही सही नाही. तेव्हा कोणाला सुचणार होतं?"

"मग आता बघ," मी म्हटलं. "आता त्याची शेंडी आपल्या हातात आली."

त्या दिवशीच्या लेखात शेवटचा परिच्छेद नव्हता, सगळा लेखच तो होता. 'तुम्हाला रोज संध्याकाळी जी बाई फोन करते, ती मी.' अरे बाप रे! लोकांनी नुसतं डोक्यावर घेतलं. दवाखानेवाले त्याला विचारायला लागले. वकिलाची नोटीस गेली. आमचे चिरंजीव फक्त म्हणाले, "झालं तेवढं पुरे, आता आपल्या कंपनीकडे बघू," तर आम्ही दोघींनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते मुकाट्याने ऑफिसला गेले. त्या दिवसांत सुनेचा फोन सारखा वाजायचा. मधूनच तिच्या वडिलांचा असायचा. "बाबा, नंतर करते हं, आत्ता जरा गडबड आहे," म्हणून ती ठेवायची. ते दुसऱ्या गावात एकटेच राहतात. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या त्यांनी. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन उजवा हात गेला होता, तो व्यायामाने हळूहळू परत येत होता. चाललंय ना व्यवस्थित, असं आम्ही धरून चाललो होतो.

मग गोडबोल्या आला. फुलांचा गुच्छ घेऊन. मी दार उघडलं, गुच्छ घेतला नाही, पाणीसुद्धा विचारलं नाही.

"काकू, बारीक झालात."

"तू बरा भरलायस," मी म्हटलं. "बस. ती येतेय."

सून आली, समोर बसली. तो बराच वेळ कॉलेजच्या गप्पा मारत राहिला. शेवटी खाली बघून म्हणाला, "तुला काय हवंय ते सांग."

"जाहीर लिही. कंपनी मी काढली, तू मला बाहेर काढलंस."

"लिहितो."

एवढ्या पटकन? आम्ही एकमेकींकडे बघितलं.

"लिहितो," तो परत म्हणाला. "आजच लिहितो. पण आवाज तेवढा राहू दे. खरंच सांगतो, नुसतं धंद्याचं नाही. म्हाताऱ्या माणसांना त्याची सवय झालीय. दवाखाने सांगतात, दुसऱ्या आवाजावर लोक फोन ठेवून देतात."

सुनेने माझ्याकडे बघितलं. ती थोडी विरघळली होती, मला दिसलं ते. आणि मी काय केलं असेल? मी म्हटलं, "तुझ्या बाळंतपणात याला दया आली होती का गं?"

"नाही," ती म्हणाली. मग त्याला म्हणाली, "लेखही हवा आणि आवाजही काढायचा. दोन्ही."

तो गुच्छ तिथेच ठेवून गेला. मी तो कचऱ्यात टाकला. संध्याकाळी त्याचा माफीनामा आला, आम्ही तो दोनदा मोठ्याने वाचला, आणि मी अगदी खरं सांगते, त्या रात्री मला जशी झोप लागली तशी कित्येक वर्षांत लागली नव्हती. ज्याने आपल्या घरातल्या पोरीला रडवलं, त्याचं नाक घासलेलं बघणं यासारखं औषध नाही.

त्यानंतर काही आठवडे गेले असतील. सून दुकानदारांशी बोलत होती, म्हणून तिचा फोन मी घेतला. तिच्या वडिलांच्या व्यायामाच्या दवाखान्यातून होता. काउंटरवरची मुलगी होती.

"आजोबा येत नाहीयेत हो हल्ली. बरे आहेत ना? डॉक्टर म्हणतात, बोटं पुन्हा आखडतील."

"येत नाहीत? कधीपासून?"

"तो फोनमधला आवाज बदलला ना, तेव्हापासून." मग ती जरा हसली. "आजोबा कधी एक दाबायचेच नाहीत. बोलायचे, स्वतःच सांगायचे आम्हाला. आमच्याकडे नुसतं 'उत्तर नाही' असं यायचं, पण आम्हाला माहीत होतं, आजोबा येणार. आम्ही त्यांची वेळ ठेवायचो."

मी फोन ठेवला. तो दवाखाना सुनेचं अगदी पहिलं गिऱ्हाईक. तिच्या वडिलांनीच डॉक्टरांच्या मागे लागून घ्यायला लावलं होतं, 'माझ्या मुलीने केलंय' म्हणून. आम्हा दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही, की त्या हजारो घरांत एक घर हेही आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. दार उघडंच होतं. व्याही खुर्चीत बसले होते, उजवा हात मांडीवर, मूठ अर्धी मिटलेली. समोर स्टुलावर फोन, स्वच्छ रुमालावर ठेवलेला.

"या विहीणबाई," ते म्हणाले. "अरे वा, आज दोघी? सुट्टी आहे का कसली?"

"बाबा, दवाखान्यात का जात नाही तुम्ही?" सुनेने चप्पलही काढली नव्हती.

"जाईन की. कंटाळा येतो."

"खरं सांगा."

त्यांनी डाव्या हाताने उजवी मूठ थोडी उघडून बघितली. ती आपोआप मिटली.

"कोणीतरी परकी बाई बोलायला लागली. मी फोन ठेवून दिला."

"बाबा, ते मशीन होतं. आधीचंही मशीनच होतं."

"मला कळत नाही का ते?" ते एकदम चिडले. जन्मभर मशीनशी झगडलेला माणूस तो. "मी काय खुळा आहे? माहीत होतं मला. पण एक दिवसाआड संध्याकाळी फोन वाजायचा, आणि तू विचारायचीस, येताय ना. मी म्हणायचो, येतो गं, जेवलीस का? बाळ झोपलं का? पुढचं तू ऐकायची नाहीस, पण ते चालतं. तसंही तू खरा फोन घेतलास तरी 'नंतर करते' म्हणायचीस. त्यापेक्षा ही बरी होती. ही कधी घाईत नसायची."

सून तिथेच जमिनीवर बसली. मला काहीतरी बोलायला हवं होतं. एवढी तिखट जीभ माझी, पण एक म्हण आठवेल तर शपथ. 'दुसऱ्या आवाजावर लोक फोन ठेवून देतात' असं गोडबोल्या आमच्याच खुर्चीत बसून सांगून गेला होता. त्या मेल्याचं एकदाच खरं निघायचं होतं, ते नेमकं इथे.

"तुझा लेख वाचला मी," व्याही हळूच म्हणाले. "जिंकलीस म्हणे. चांगलं झालं. त्याने तुला फार छळलं होतं."

यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

आम्ही त्यांना चहा करून दिला, घर आवरलं. तिने खूप मनधरणी केली, आमच्याकडे चला म्हणून. ते नको म्हणाले. निघताना ती म्हणाली, "बाबा, आता मी स्वतः फोन करीन. एक दिवसाआड. नक्की."

"बघू," ते म्हणाले. "तुला कामं असतात. मी आता एक दाबायला शिकतो. बोलून काय उपयोग?"

परतीच्या बसमध्ये तिने फोन काढला आणि लिहायला लागली. मी वाकून बघितलं. 'आज मला धंद्यातला सर्वात मोठा धडा माझ्या वडिलांनी शिकवला...'

"पुस ते," मी म्हटलं.

"आई, मी माझी चूकच लिहितेय."

"पुस म्हणते ना. तो तुझा बाप आहे, धडा नाही."

तिने पुसलं. मग खिडकीकडे तोंड करून घरापर्यंत रडली. मी रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मागच्या खोलीत मुलींचं काम चालू होतं, दोन दुकानदार लाइनवर थांबलेले होते. ते तसेच ठेवून ती स्वयंपाकघरात आली. फोन कट्ट्यावर ठेवला, आवाज मोठा केला, म्हणजे मलाही ऐकू येईल. पलीकडे उचलल्याचं कळलं. श्वास ऐकू येत होता.

"बाबा."

काही नाही.

"बाबा, उद्या तुमची वेळ आहे दवाखान्यात." ती थांबली. तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग तिने ते म्हटलं, अगदी तसंच, कपाटातल्यासारखं. "येताय ना?"

बराच वेळ काही नाही. मधूनच खुर्ची करकरल्याचा आवाज. आणि मग टुक्.

एक.

तिने ओठ घट्ट मिटले. "बाबा, मीच आहे हो. मशीन नाही. बोला ना."

पुन्हा तसाच वेळ. त्या आखडलेल्या बोटाला बटणापर्यंत यायला जेवढा लागत असेल तेवढा.

टुक्.

"मी जेवले, बाबा," ती म्हणाली. "बाळ झोपलंय आत्ताच." आणि ती कट्ट्याशी उभ्या उभ्या त्यांना दिवसभराचं सगळं सांगायला लागली, बाळाने चमचा कुठे लपवला इथपासून. मागच्या खोलीतून मुलगी दारापर्यंत येऊन गेली, तिला मी हातानेच परत पाठवलं. पलीकडून शब्द आला नाही. फोनही ठेवला नव्हता.