दंडापेक्षा मोठा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना रक्तदाबमापक आहे. लोक मला बीपीचे मशीन म्हणतात. आधीच सांगून टाकतो, मी जळका आहे. सख्ख्या भावावर जळतो.

आम्ही दोघे एकाच कारखान्यात, एकाच दिवशी तयार झालो. तोच काटा, तीच तबकडी, तोच रबरी फुगा. तो रस्त्यापलीकडच्या काचेच्या दवाखान्यात गेला आणि मी अलीकडच्या सरकारी दवाखान्यात आलो. त्याला दंडाला बांधायचे लहान, मध्यम, मोठा असे तीन पट्टे मिळाले. मला नियमाप्रमाणे एकच, तोही मोठा. नियम करणाऱ्यांचे दंड चांगले भरलेले असावेत.

सुरुवातीला माझे कौतुक झाले. याचा काटा कधी अडकत नाही, असे सिस्टर सगळ्यांना सांगत आणि मी हुरळून जायचो. पण माझ्याकडे येणाऱ्या बायकांचे दंड म्हणजे नुसत्या काड्या. बारीक दंडावर मोठा पट्टा बांधला की आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. सिस्टरांनी लहान पट्ट्यासाठी तीन अर्ज केले. उत्तर आले, मंजूर यादीत एकच पट्टा आहे.

एके सकाळी शिलाई कारखान्यातली एक बाई आली. आठवा महिना, पाय सुजलेले, डोके ठणकत होते. मी एकशे तीस दाखवले. म्हणजे काळजीचे कारण नाही, ठीक आहे, असे सिस्टर म्हणाल्याही. सिस्टरांनी तिच्या पायांकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि चपला अडकवून थेट रस्ता ओलांडला. तिकडच्या नर्सची मनधरणी करून त्यांनी माझ्या भावाचा लहान पट्टा आणला.

"दहा मिनिटांसाठी मिळालाय. हात सैल सोड बघू."

"पण सिस्टर, मघाशी तर ठीक आहे म्हणालात ना?"

"मघाशी पट्टा तुझ्या मापाचा नव्हता गं."

काटा एकशे साठवर थरथरला. तासाभरात तिला मोठ्या रुग्णालयात हलवले. चार दिवसांनी निरोप आला, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत.

मित्रांनो, त्या दहा मिनिटांत मी भावाच्या तसूभरही मागे नव्हतो. म्हणून तर आता जास्तच जळतो. तो माझ्याहून हुशार नाही, त्याला फक्त पट्टे मिळाले. उद्या तुम्ही मोठे व्हाल, अशा याद्या लिहाल. तेव्हा आधी माणसांचे दंड पाहा, मग लिहा.

तो पट्टा त्याच दुपारी परत गेला. आत्ता बाकावर तशाच दंडाची दुसरी एक बाई बसली आहे, आणि सिस्टर माझा पट्टा तिला दोनदा गुंडाळत आहेत.